खत काढलं आणि रान माजलं

सोलापूर, २० मे

प्रिय मुली,

तुझं पत्र परवाच मिळालं. उन्हाने जीव नकोसा झालाय, त्यात नळाला पाणी चार दिवसांआड. टाकी भरण्याच्या नादात उत्तर राहिलं.

इंटरल्यूकिन-२ वर, म्हणजे टी पेशी सोडतात त्या निरोप्या प्रथिनावर, काम करू का, की त्यात आता नवं काही उरलं नाही, असं विचारतेस. उरलंय. फक्त त्याच्या टोपणनावाला भुलू नकोस. १९७६ साली मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांना अस्थिमज्जेतून दुसऱ्याच पेशी वाढवायच्या होत्या. हाती लागल्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याही महिनोन् महिने वाढणाऱ्या. त्या ज्या द्रवात वाढल्या, त्यातल्या प्रथिनाला, म्हणजे आपल्या इंटरल्यूकिन-२ ला, टी पेशींचा वाढ-घटक म्हणू लागले. झालं, सगळ्यांनी ते प्रतिकारशक्तीचं खतच धरलं.

मग त्याचं जनुक काढलेले उंदीर आले. वाटलं होतं, प्रतिकारशक्ती लुळी पडेल. पडली नाहीच, उलट टी पेशी उधळल्या. काही उंदीर रक्त कमी होऊन मेले, उरलेल्यांच्या आतड्याला सूज. खत काढलं आणि रान माजलं!

उलगडा हळूहळू झाला. साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की सीडी२५ अंगावर मिरवणाऱ्या काही टी पेशी इतरांना आवरून धरतात. (२०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.) हे सीडी२५ म्हणजे पेशीवरच्या, इंटरल्यूकिन-२ पकडणाऱ्या ग्राहकाचाच (रिसेप्टरचाच) एक भाग. गंमत अशी, की या आवरणाऱ्या पेशी ते प्रथिन स्वतः जवळपास बनवतच नाहीत. शेजारणींनी सोडलेल्यावर जगतात. प्रथिनच नसलं, की आधी या आवरणाऱ्याच उपाशी. तुझ्या आजोबांचा माग आठव. आडवा धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. थांबवणाऱ्या काट्याला वेगळी मोटर नव्हती, माग चालवणाऱ्या पट्ट्यावरच तोही चालायचा. म्हणून विषय निवडताना 'हे प्रथिन काय करतं' असं विचारू नकोस. किती मात्रेत, कुठल्या पेशीवर, ते विचार.

आता प्रयोगाच्या वहीचं. पुण्यात असताना मी आठवडाभर हवेत होतो: माझं प्रथिन घातलं की पेशी दुप्पट! नंतर कळलं, सीरमची (पेशींच्या खाद्यात घालतात त्या रक्तद्रवाची) बाटली मधेच बदलली होती. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी प्रथिनाविना ठेवलेल्या पेशींना, जुनं सीरम, प्रयोगाला नवं. सीरममध्ये स्वतःचे वाढ-घटक असतात, ते बाटलीगणिक बदलतात, आणि मी लॉट नंबरच लिहिला नव्हता. चूक सर्वस्वी माझी.

मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, लालसर असतं. पेशी वाढल्या की केशरी होतं, मग पिवळं. नवखा पिवळं बघून खूश होतो. जिवाणू शिरले तरी ते पिवळंच होतं, बाई! झाकण उघडण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धर. वाढत्या टी पेशी द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना बिलगलेल्या दिसतील. मधली मोकळी जागा थरथरत असेल तर ते जिवाणू, फ्लास्क गेला समज.

पहिला महिना प्रथिनाला हात लावू नकोस. पेशी पोस, मोज, लिही. गाइड घाई करतील, करू देत.

तुझ्या आईकडे शेंगाचटणी दिली आहे. लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस. आमच्यातल्या एकाने ठेवली होती.

तुझा,
सर