वाचक विचारतात : टेबलावरची रणभूमी

प्रश्न : आम्ही 28 मिमीच्या फिगर (सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती) वापरून इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई (23 सप्टेंबर 1803) टेबलावर मांडतो. पण मराठ्यांचा खेळाडू पहिल्याच फेरीत सगळ्या तोफा नदीच्या उताराकडे (पायी ओलांडण्याजोग्या जागेकडे) वळवतो आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज पाण्यातच संपते. नियमांत काय बदलावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नियम ठीक आहेत, गडबड मांडणीत आहे. तुमच्या खेळाडूला वरून सगळे टेबल दिसते. मराठ्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन याला तसे दिसत नव्हते. त्याच्या पलटणी केळणा नदीच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. समोरासमोर दोन गावे आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, हे ताडून वेलस्ली पूर्वेकडून वळसा घालून नदी ओलांडून आला. म्हणून खेळ नदी ओलांडल्यानंतर सुरू करा.

टेबल सहा बाय चार फुटांचे घ्या. दक्षिणेच्या लांब कडेला केळणा, उत्तरेच्या कडेला जुई आणि जुईच्या काठी असई गाव ठेवा. इंग्रज पूर्वेच्या आखूड कडेने येतील. प्रमाण 1:50 धरा. म्हणजे 500 जणांच्या पलटणीला 10 फिगर लागतील. त्या दोन रांगांत, प्रत्येकी 20 मिमी रुंदीच्या बेसवर (तळपट्टीवर) लावल्या की पलटणीची आघाडी 100 मिमी होते. प्रत्यक्षात ती साधारण 150 यार्ड असे, म्हणून 1 मिमी म्हणजे दीड यार्ड. दोन नद्यांमधली मैलभराची पट्टी या हिशेबाने चार फुटांत बसते. बंदुकीचा परिणामकारक पल्ला 65 मिमी, तोफेच्या छर्ऱ्यांचा 200 मिमी आणि गोळ्याचा 600 मिमी ठेवा.

पोलमनच्या कवायती पायदळाला (सुमारे 10,800) 216 फिगर लागतात, वेलस्लीच्या नियमित फौजेला सुमारे 90. मराठी घोडदळ मात्र या प्रमाणात करू नका, सहाशेच्या वर घोडेस्वार रंगवावे लागतील. साठ पुरेत. एखादी इंग्रज पलटण विस्कळीत झाली तरच त्यांना हल्ल्याची परवानगी द्या. त्या दिवशीही घोडदळ तुटून पडले ते मोडकळीला आलेल्या 74व्या हायलँडर पलटणीवर.

आता खरी गंमत. मराठ्यांचे पायदळ दक्षिणेकडे तोंड करूनच मांडायचे. त्याला पूर्वेकडे वळायला प्रत्येक ब्रिगेडने एक फासा टाकावा, 3 किंवा जास्त आले की ती वळते. ही संधी मुद्दाम उदार ठेवली आहे, कारण पोलमनने मोहरा इतक्या सफाईने बदलला की वेलस्लीचा अंदाज चुकला. तोफा मात्र बैलांनी ओढायच्या, त्यामुळे जागा बदललेली तोफ त्या फेरीत डागता येणार नाही. नव्या आघाडीत साऱ्या पलटणी एका रांगेत मावणार नाहीत, उरलेल्या मागे ठेवा. डावी बगल असईला टेकवा आणि गावात दोन तोफा ठेवा.

इंग्रजांच्या उजव्या टोकाच्या तुकडीसाठी दर फेरीला फासा टाका. 1 किंवा 2 आले की ती हुकूम सोडून सरळ गावाकडे जाते. 74व्या पलटणीचा घात अशाच चुकीने झाला.

शेवटचा नियम गोलंदाजांचा, आणि तो वगळलात तर ही असई नव्हेच. शत्रूची रांग अंगावरून पुढे गेली तेव्हा अनेक गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि मागून पुन्हा तोफा डागू लागले. म्हणून पायाखाली गेलेल्या प्रत्येक तोफेजवळ खूण ठेवा. तिथे राखणीला पलटण नसेल, तर दर फेरीला 5 किंवा 6 आल्यावर ती तोफ पाठीवर मारा करते. वेलस्लीला एक पलटण मागे वळवावीच लागते.

निकालासाठी : त्या दिवशी इंग्रजांचे 1,584 लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले, म्हणजे नियमित फौजेचा सुमारे तिसरा हिस्सा. तुमच्या वेलस्लीने 30 पेक्षा जास्त फिगर गमावल्या, तर मैदान मारूनही बरोबरीच धरा.

प्रश्न : 1/72 मापाच्या मऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांचा रंग बंदुका-संगिनींवरून सोलून निघतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : साच्यातून निघताना फिगरवर तेलकट थर राहतो आणि हे प्लॅस्टिक वाकते, रंग वाकत नाही. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, रात्रभर वाळवा. मग पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी घालून पातळ हात द्या, त्यावर अॅक्रिलिक रंग आणि शेवटी वॉर्निश. हे प्लॅस्टिक सुपरग्लूने नीट चिकटत नाही, तेव्हा सैनिकाच्या पायाखालची पट्टी बेसवर वाळू-फेव्हिकॉलच्या थरात पुरा. तुमच्याकडच्या पावसाळ्यात स्प्रे टाळा, दमट हवेत वॉर्निश पांढरे पडते आणि प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) भुकटीसारखा खरखरीत बसतो. जून ते सप्टेंबर ब्रशनेच प्रायमर लावा.

प्रश्न : हल्ला जाहीर करण्यापूर्वी अंतर मोजू द्यावे का?

उत्तर : द्यावे. नाहीतर डावपेचांपेक्षा इंचांचा अंदाज बरा असलेलाच जिंकतो. फक्त लांब पल्ल्याच्या तोफांना आधी लक्ष्य ठरवायला लावा आणि मगच पट्टी लावा.