पेन टोचायचं कधी?

प्रश्न: मागे मधमाशी चावली तेव्हा ह्यांचा घसाच आवळला, म्हणून डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं पेन (पेनासारखं दिसणारं, स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन) दिलंय. पण हे म्हणतात आधी ॲलर्जीची गोळी घेऊ, नाहीच भागलं तर पेन. मला तर टोचायचीच भीती वाटते. फ्रीजमध्ये ठेवलंय, बरोबर ना?

उत्तर: अहो, आधी ते फ्रीजमधून काढा, रूम टेंपरेचरलाच ठेवायचं असतं. आणि ते कायम ह्यांच्यासोबत हवं, घरात राहून काय उपयोग! आता गोळीचं, गोळीने खाज आणि पित्त उठलेलं कमी होतं पण घसा सुजला, श्वास लागला, बीपी पडलं तर गोळी काहीच करत नाही, तिथे ॲड्रेनालिनच लागतं आणि लगेच, वाट बघत बसायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, पँटवरूनसुद्धा चालतं. सेफ्टी कॅप काढा, जोरात दाबा, क्लिक ऐकू आला की पेनावर लिहिलेत तेवढे सेकंद धरून ठेवा. टोकावर अंगठा ठेवू नका हं, घाईत लोक पेन उलटं धरतात आणि स्वतःच्याच बोटात टोचून घेतात. नंतर त्यांना आडवं करून पाय वर ठेवा, उठून चालू देऊ नका, दम लागत असेल तर बसवलं तरी चालेल. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. ५ ते १५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन, म्हणून दोन जवळ असलेली बरी. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो. धडधड, हात थरथरणं होईल, ते औषधामुळेच. आणि एक्सपायरी आजच बघा.