रात्री अडीचची धडधड

प्रश्न: ताई, दोन वर्षांपूर्वी मला ताप येऊन गेला, साधा व्हायरल आहे म्हणाले, पण त्यानंतर उभं राहिलं की ठोके १३०-१४० जायला लागले. बऱ्याच फेऱ्या मारल्यावर आठ महिन्यांपूर्वी पॉट्सचं (उभं राहिलं की ठोके फार वाढतात तो आजार) निदान झालं आणि मला वाटलं सुटले एकदाची, आता निदान कळलं तरी काय झालंय. पण नाही ना. रोज काहीतरी नवीनच. परवा रात्री अडीचला झोपेतून दचकून उठले, छाती धाडधाड, अंग थडथड कापतंय, हातपाय गार, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. इमर्जन्सीत गेलो, ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवलं. महिन्यातली ही दुसरी वेळ. प्रत्येक वेळी वाटतं आता संपलं सगळं, आणि सकाळी स्वतःचीच लाज वाटते. हे नेहमीचंच आहे की खरंच काहीतरी वेगळं होतंय, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, वय ३१

उत्तर: आधी ती लाज सोड बघू. तुला अगं-तुगं करतेय, रागावू नकोस, नऊ वर्षं मी याच आजारात आहे त्यामुळे पत्र वाचतानाच आपली ओळख झाली. मी डॉक्टर नाही हेही सांगून टाकते, औषधाचं तुझे डॉक्टर बघतील, मी फक्त अडीच वाजताचं बोलणार.

तुझ्या त्या रात्रीत मला एकही गोष्ट अनोळखी वाटली नाही. आपण उभं राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली पोटाकडे आणि पायांकडे उतरतं, सगळ्यांचंच उतरतं, पण इतरांच्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. आपल्याकडे ते आवळणं कमी पडतं, कुणाकुणाच्या अंगात मुळात रक्ताचं प्रमाणच कमी असतं, मग शरीर घाबरून नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन ओततं आणि हृदयाला पळवतं. म्हणून तर निदानाची अट अशी आहे की उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत ठोके ३० किंवा जास्त वाढले पाहिजेत (१२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ४०), बीपी फारसं पडता कामा नये आणि हे कमीत कमी ३ महिने चाललेलं हवं. हे बहुतेक तुला पाठ असेल. पण मला समजायला फार वेळ लागला ती गोष्ट वेगळीच आहे, की हे रसायन नुसतं हृदयाला पळवत नाही, तेच रसायन भीतीचंही आहे. थरथर, गार हात, कोरडं तोंड, "काहीतरी भयंकर होणार" असं वाटणं, सगळं त्याच्याच घरचं. म्हणजे तू घाबरलीस म्हणून धडधड झाली असं नाही, धडधड आधी आली आणि मन मागून कारण शोधत बसलं, आणि रात्री अडीचला मनाला मरणापेक्षा जवळचं कारण कुठलं सापडणार. मुंग्यांचंही तसंच, श्वास भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. एकाच बाजूला येणाऱ्या मुंग्या मात्र वेगळ्या, त्यांचं पुढे सांगते.

आमच्या घरी मी याला कुत्रं भुंकणं म्हणते. चोर नसताना भुंकणारं कुत्रं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, ते त्याचं काम करतंय, आणि कधीतरी खरंच चोर असेल म्हणून उठून बघायला तर लागतंच. फक्त एकदा बघायचं, रात्रभर अंगणात उभं राहायचं नाही.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं, तर ते रात्री ठरवायचं नाही. एखाद्या बऱ्या दिवशी, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला जाताना, एक कागद घेऊन जा. माझा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, कोपरे पिवळे पडलेत, दोन भाग आहेत त्याचे. डावीकडे माझं नेहमीचं: उभं राहिल्यावर ठोके, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर डोळ्यापुढे अंधारी, पाय जांभळे होणं, जेवणानंतर गळून जाणं, पाळीच्या आधी सगळंच दुप्पट, रात्रीची थरथर आणि त्यानंतर अर्ध्या तासात तीनदा बाथरूम. उजवीकडे, डॉक्टरांना विचारून, थांबायचं नाही ते: छातीत दाबल्यासारखं दुखून हातात किंवा जबड्यात जाणं, जिना चढताना किंवा व्यायाम करताना शुद्ध हरपणं, आडवं असताना शुद्ध हरपणं, चेहरा किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बधिर होणं किंवा एकाच बाजूला मुंग्या येणं, बोलणं अडखळणं, आडवं होऊनही न थांबणारा दम, आयुष्यात कधी दुखलं नाही असं एकदम उठलेलं डोकं. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही आधीच सांगून ठेव. आणि बटण दाबल्यासारखी क्षणात सुरू होऊन क्षणात थांबणारी धडधड असेल तर ती सांगच, ती आपली नसते बऱ्याचदा, तिचा ईसीजी ती चालू असतानाच मिळायला हवा. उजव्या बाजूचं काही दिसलं तर जायचं, मागच्या वेळी ईसीजी नॉर्मल होता हा आजचा दाखला नाही.

डावीकडचं असेल तर मी काय करते सांगते. लाइट लावते, कारण अंधारात सगळं मोठं होतं. पाय भिंतीला टेकवून वर. उशाशी पाण्याची बाटली असतेच, ती जवळजवळ अर्धा लिटर सलग संपवते (डॉक्टरांनी तुला पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तरच), पंधरा-वीस मिनिटांत फरक जाणवतो. श्वास घेण्याकडे लक्ष देत नाही, सोडण्याकडे देते, हळू, ओठ चंबूसारखे करून. आणि घड्याळात बघून वहीत सुरुवातीची वेळ लिहिते, संपली की संपल्याची वेळ. नाडी मोजत नाही! ही वही माझ्यासाठी सगळ्यात मोठं औषध ठरली कारण सहा-सात महिन्यांनी उलटून बघितलं तर बहुतेक सगळे झटके वीस ते चाळीस मिनिटांत ओसरले होते आणि त्या पानांवर दर वेळी मीच लिहिलेलं "या वेळी वेगळं वाटतंय". अक्षरशः दर वेळी. हसू आलं मला.

पण एक ठोकरही सांगते. मध्ये माझा दम फार वाढला, दोन जिने चढवेनात, आणि मी महिनाभर "पॉट्सच आहे" म्हणत बसले. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. आयर्न कमी झालं की ठोके वाढतातच, थायरॉइड वाढला तरी वाढतात, आणि आपल्याला आधीच एक नाव मिळालेलं असल्यामुळे आपण आणि कधीकधी डॉक्टरही सगळं त्याच खुंटीला टांगतो. म्हणून नवीन काही दोन-तीन आठवडे टिकलं तर ते डावीकडे ढकलायच्या आधी दाखवायचं. घाबरून नाही, अपॉइंटमेंट घेऊन.

इमर्जन्सीबद्दल. ते तुला स्ट्रेचरवर आडवं करतात, आणि आडवं झालं की आपलं सगळं हळूहळू नॉर्मल व्हायला लागतं, मग मशीनला दिसणार काय? एका पानावर निदान, औषधं, तुझ्या डॉक्टरांचा नंबर, तुझे झोपून आणि उभं राहून घेतलेले ठोके लिहून ठेव, आणि शांतपणे विचार, "मला उभं करून बीपी आणि पल्स बघाल का?" मला या एका वाक्याने जेवढं मिळालं तेवढं रडून कधी मिळालं नाही. आणि टेन्शन म्हणणारे काही आजचे नाहीत, १८७१ साली अमेरिकेत डॉ. दा कोस्टांनी यादवी युद्धातल्या ३०० सैनिकांची धडधड, दम, छातीतलं दुखणं नोंदवलं, हृदयात काही बिघाड सापडेना, आज त्यातल्या काही वर्णनांत डॉक्टरांना आपला आजार ओळखू येतो. पॉट्स या नावाने त्याचं नीट वर्णन व्हायला १९९३ उजाडलं. आपण त्या मानाने लवकर सुटलो म्हणायचं.

बाकी पाणी, मीठ, कमरेपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग (गुडघ्यापर्यंतच्यांनी मला तरी काही झालं नाही, रक्त पोटातही साचतं ना), बसून किंवा आडवं होऊन करायचा व्यायाम, हे तुला सांगितलं असेलच. मीठ मनाने वाढवू नकोस, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर महागात पडेल. मिडोड्रिन (बीपी वाढवणारी गोळी) चालू असेल तर शेवटची गोळी झोपायच्या निदान चार तास आधी, आडवं झाल्यावर त्याने बीपी चढतं.

प्रश्न: माझ्या बायकोला हाच आजार आहे. झटका आला की मी "काही होत नाही, शांत हो" म्हणतो आणि ती अजूनच भडकते. मी नक्की काय बोलू?
— एक नवरा

उत्तर: दादा, "काही होत नाही" हे खोटं आहे म्हणून भडकते ती. तिच्या अंगात खूप काही होतंय. "होतंय ना, दिसतंय मला, किती वाजता सुरू झालं?" एवढंच विचारा आणि वही पुढे करा. पाणी द्या, पायाखाली उशी द्या, मग गप्प बसा. चेहरा मात्र सांभाळा बरं का, माझ्या नवऱ्याचा चेहरा बघून माझे ठोके अजून दहाने वाढायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "रात्री किती घाबरवलंस" असं चुकूनही म्हणू नका.

प्रश्न: स्मार्टवॉच घ्यावं का? सतत ठोके दिसले तर धीर येईल असं वाटतं.

उत्तर: मला दोन आठवडे धीर आला, तिसऱ्या आठवड्यापासून मी दिवसातून शंभरदा मनगट बघायला लागले आणि १०५ चा आकडा दिसला की त्या आकड्यानेच ११५ व्हायचा. डॉक्टरांना आठवडाभराचे आकडे हवे असतील तर जरूर वापरा, पण अलार्म बंद ठेवा. माझं आता ड्रॉवरमध्ये आहे, डॉक्टर मागतात त्या आठवड्यात तेवढं बाहेर येतं.