हडळ, चेटकीण की डाकीण?

प्रश्न असा आला आहे: "रॉबर्ट एगर्सच्या 'द विच' (2015) या सिनेमावर मराठीत लिहिताना मी 'विच'ला 'हडळ' लिहिलं. मैत्रीण म्हणाली, 'चेटकीण' लिही. दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत. हडळ व्हायला आधी मरावं लागतं. चेटकीण जिवंत असते, चूल पेटवते, पाणी भरते, आणि गावातलं कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवतं.

हडळ, जखीण, लावसट ही सगळी मेलेल्या बायांची नावं. कुठलं नाव कुणाला, हे दर गावागणिक बदलतं, पण वर्गवारीचा निकष बदलत नाही: मरताना ती सवाष्ण होती की विधवा, पोटुशी होती की ओली बाळंतीण. आता बाप्यांची भुतं बघा. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, शिकलासवरला ब्राह्मण गेला तर ब्रह्मराक्षस, बुडून मेला तो गिऱ्हा. पुरुषाच्या भुताला जात विचारतात, विद्या विचारतात, मेला कसा तेही विचारतात. बाईच्या भुताला नवरा आणि मूल एवढंच. म्हणीतसुद्धा तिची हीच अडचण: 'हडळीला नव्हता नवरा आणि झोटिंगाला नव्हती बायको.'

म्हणून 'स्त्री' (2018) मधल्या बाईला हडळ म्हणा, खुशाल. चंदेरीतल्या पुरुषांना रात्री उचलून नेणारी ती मेलेलीच आहे. 'बुलबुल' (2020) मधली चुडैलही याच घरची. 'उलट्या पावलांची' हे आपल्याकडे हडळीचं ठरलेलं वर्णन. या सिनेमात ती पावलं वाकडी का झाली याचं उत्तर दाखवलंय. नवऱ्याने लोखंडी सळईने मारमारून तोडलेली असतात. हडळ म्हणजे बहुतेक वेळा एक दडपलेली फिर्याद, असं मला हा सिनेमा पाहताना वाटलं.

'द विच'मध्ये मात्र तुमचा शब्द अर्थच उलटा करतो. काळ 1630चं दशक, जागा अमेरिकेतलं न्यू इंग्लंड. धर्मावरून वाद घालून वस्तीबाहेर पडलेलं एक कुटुंब रानाच्या कडेला राहतं. थोरली मुलगी थॉमसिन तान्ह्या भावाला खेळवत असताना बाळ नाहीसं होतं. मका करपतो, बाप खोटं बोलतो, आई झुरते, आणि सगळ्याचा ठपका हळूहळू या वयात आलेल्या पोरीवर येतो. रानात खरी चेटकीण आहे, ती आपल्याला दिसतेही. पण घरच्यांना थॉमसिनच सापडते. हे सगळं तिच्या जिवंतपणी घडतं. तिला हडळ म्हटलंत की आरोपच उडून जातो.

इंग्रजी शब्दाचंही थोडं ऐका. जुन्या इंग्रजीत 'विच्चा' हा पुल्लिंगी आणि 'विच्चे' हा स्त्रीलिंगी, असे दोन शब्द होते. पुढे पुरुष त्यातून सुटत गेला आणि शब्द बाईच्या गळ्यात राहिला. मराठीत तरी काय वेगळं? भुतं काढणारा पुरुष मांत्रिक, भगत, देवरुषी. त्याला दक्षिणा मिळते. तेच बाईने केलं, किंवा केलं असं नुसतं वाटलं, की ती चेटकीण.

संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. 'चेटूक' मला त्याच घरातलं वाटतं: वश करून राबवलेलं भूत. पण चेटकीणीचा धाक आता पुरता गेलाय. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगलेंनी रंगवली, आणि पोरं खुर्चीत उड्या मारत हसली. (भूमिका पुरुषांकडेच, हेही लक्षात घ्या.)

धाक अजून टिकलाय तो 'डाकीण' या शब्दात. मूळ डाकिनी. तिबेटी बौद्ध परंपरेत तिची पूजा होते, आपल्याकडे मात्र ती पोरं खाते, काळीज खाते. सातपुड्यात, नंदुरबारकडे, हा शब्द लागला की बाईला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. एखादी व्यक्ती करणी करते असं भासवणं हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मांत्रिक म्हटल्यावर कुणाला गाव सोडावं लागल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा लेखात तुम्ही स्वतः बोलाल तिथे 'चेटकीण' ठेवा. आई थॉमसिनच्या अंगावर धावून जाते त्या प्रसंगाबद्दल लिहाल तिथे 'डाकीण' लिहा. पोटचं मूल गेलेली बाई 'चेटकीण' म्हणून थांबणार नाही.