अ‍ॅक्टिव्हा का दिलीत?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी 64 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. कोथरूडला राहते. हे 69 वर्षांचे. एकुलता एक मुलगा फ्लोरिडात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने जिथे घर घेतलं, ती वसाहत आपल्या कल्पनेतही बसणार नाही. वसाहतीला स्वतःची धावपट्टी आहे आणि घरोघरी गाडीशेजारी विमान उभं असतं. मुलाकडेही जुनं, चार जणांचं सेसना आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अडीच महिने राहून आलो. पहिल्याच सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले, तर समोरच्या रस्त्यावरून पंखा गरगरवत विमान चाललेलं. मी पिशवी धरून तशीच उभी आणि आतला गृहस्थ मला हात करतोय! ह्यांना तर स्वर्गच सापडला. कॉलेजात असताना हे हडपसरला ग्लायडिंग करायचे. तिथे दिवसभर मुलाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या गॅरेजात, विमान पुसत बसायचे. माझा मात्र दिवस जाता जात नव्हता. आवाज फार, ओळखीचं कुणी नाही, दुकान पाच मैलांवर आणि सून आठवड्यातून एकदाच न्यायची. आता मुलगा म्हणतो, फ्लॅट विका आणि कायमचे या, ग्रीन कार्डाचं तो बघेल. हे एका पायावर तयार आहेत. मला पुणं सोडवत नाही. इथे आपली माणसं आहेत, सगळं हाताशी आहे. तसं हल्ली मंगळवारचं भजन सुटलंय, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत. मंडईत जाणं होत नाही, सिंहगड रोडच्या बहिणीशीही फोनवरच बोलणं होतं (माझी अ‍ॅक्टिव्हा गेल्या दिवाळीत भाच्याला देऊन टाकली, ह्यांचं म्हणणं आता या वयात कशाला). पण शेवटी आपलं घर ते आपलं घर. मुलाला आणि ह्यांना न दुखावता नाही कसं म्हणू?
– एक आई, कोथरूड

उत्तर : कोथरूडच्या ताई, विमानाचं राहू द्या. अ‍ॅक्टिव्हा का दिलीत?

तुमचं पत्र बरंच लांब होतं, वर छापलंय ते कापून. कापलेल्या मजकुरात विमानंच विमानं होती. ती किती वाजता उडतात, कोणाचं लाल, कोणाचं पिवळं, शेजारचा म्हातारा इंजिनाशी कसा बोलतो. आणि ज्या गोष्टीने तुमचं आयुष्य बदललं ती कंसात, एका ओळीत.

जरा तारखा लावून बघू. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून परत आलात. तोवर मंगळवारचं भजन चालू होतं, मंडई होती, बहिणीकडे जाणं-येणं होतं. दिवाळीत अ‍ॅक्टिव्हा गेली. त्यानंतर भजन सुटलं, मंडई सुटली, बहीण फोनवर आली. आणि दोष कुणाला, तर रिक्षावाल्यांना. ते कोथरूडातल्या कोथरूडात यायला आजवर कधी तयार होते? पुणं सोडवत नाही म्हणता, पण पुणं तुम्ही गेल्या दिवाळीतच सोडलंत. आता नुसता फ्लॅट उरलाय, आणि त्याच्यासाठी मुलाशी भांडायची तयारी चाललीये.

‘आता या वयात कशाला’ हे वाक्य कोण बोललं ते लक्षात घ्या. 69 वर्षांचा माणूस, जो मुलाच्या एका इंजिनाच्या विमानात बसायला एका पायावर तयार आहे. तरुणपणी हडपसरला विंचच्या दोराने खेचून घेऊन बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून आकाशात जायची हौस ज्यांनी केली, त्यांना बायकोने डहाणूकर कॉलनीपर्यंत स्कूटरवर जाणं धोक्याचं वाटतं. मला त्यांचा राग येत नाही. नवऱ्यांना काळजी वाटते आणि काळजी सगळ्यात आधी दुसऱ्याच्या किल्लीवर जाऊन पडते. राग तुमचा येतोय. आख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई तुम्ही, आणि इथे एक प्रश्न विचारला नाहीत. पडला होतात का? डोळ्यांचं काही निघालं का? गुडघा धरतो का? पत्रात औषधाच्या गोळ्यांपासून सगळं आहे, यातलं काही नाही. म्हणजे कारण काही नव्हतं. डिकीतली भाजीची पिशवी, रेनकोट, तोंडाला बांधायचा स्कार्फ काढून घेतला असेल आणि किल्ली भाच्याच्या हातावर ठेवली असेल. वर त्याला पेढाही दिला असेल.

आता तुमच्या मुलाच्या वसाहतीबद्दल, कारण ‘हे कसलं वेड’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. वेड असेल, पण नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पोरंच्या पोरं वैमानिक करून टाकली. युद्ध संपलं, ती घरी आली, त्यांना उडणं सोडवेना. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला 1946 मध्ये ‘सिएरा स्काय पार्क’ उभं राहिलं, विमानवाल्यांची पहिली वसाहत म्हणून ते ओळखलं जातं. आज तिकडे अशा वसाहती शेकड्यांनी आहेत. फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळच्या ‘स्प्रूस क्रीक’मध्ये सुमारे 1,300 घरं आणि 700 हँगर आहेत. 4,000 फुटांची तिथली धावपट्टी मुळात युद्धकाळात नौदलाने बांधलेली. कॅलिफोर्नियातल्या ‘कॅमेरॉन पार्क’मधल्या अशा वसाहतीत रस्ते 100 फूट रुंद आहेत आणि रस्त्यांच्या पाट्या, टपालपेट्या मुद्दाम बुटक्या ठेवल्यात, विमानाचा पंख वरून निघून जावा म्हणून. सेसना 172 सारख्या छोट्या विमानाचेसुद्धा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 36 फूट भरतात. आपल्याकडे तेवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंचे वाडे, चार फळवाले आणि एक गणपतीचा मांडव बसतो.

हे सगळं कशासाठी? आपलं वाहन आपल्या दाराशी असावं, मनात आलं की किल्ली फिरवावी आणि कुणाला न विचारता निघावं, एवढ्यासाठी. शनिवारी सकाळी घोळक्याने उडून नुसती न्याहारी करायला दुसऱ्या गावी जातात ही माणसं. शंभर डॉलरचा बर्गर असा त्यांच्यातच विनोद आहे, कारण बर्गरपेक्षा पेट्रोल महाग पडतं. बाकी कुणाला हा हट्ट कळला नाही तर समजू शकते. पण पुण्याच्या बाईला कळू नये? कोपऱ्यावरून कढीपत्ता आणायलासुद्धा आपण स्टँडवरून गाडी काढतो!

तुम्हाला तिथे विमानांचा त्रास झालाच नाही. ज्या गावात प्रत्येकाला निघता येतं, तिथे एकट्या तुम्हाला निघता येत नव्हतं, त्रास त्याचा झाला. नवरा वर ढगांत आणि तुम्हाला कोथिंबिरीची जुडी आणायची तरी शनिवारची वाट बघायची. आवाजाचं तर सांगूच नका. लोहगावहून सुखोई उडालं की विमाननगरची माणसं फोनवरचं वाक्य मध्येच थांबवतात, आवाज गेला की तिथूनच पुढे बोलतात. तुम्ही कर्वे रस्त्याच्या जवळ उभा जन्म काढलात.

सुनेचंही सांगते. कापलेल्या भागात तुम्हीच लिहिलंय की ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या करते. मिळालेल्या सुट्टीतला अर्धा दिवस ती सासूला दुकानात नेते, दह्यासमोर उभी राहून कोणतं आंबट कमी ते वाचून दाखवते, आणि तुम्ही ‘एकदाच’ लिहिता. आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं. तुम्हाला न्यायला माणूस लागतो हे तिचं पाप नाही.

अडीच महिन्यांत तुम्ही एक गोष्ट विचारली नाहीत : त्या वसाहतीत म्हातारी माणसं कशी फिरतात? गोल्फ कार्टमधून. छत असलेली, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी. फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्ट म्हणजे ताशी 20 मैलांच्या वर न जाणारं वाहन. तुमची अ‍ॅक्टिव्हा याच्या दुप्पट पळायची. ज्या सार्वजनिक रस्त्यांवर गोल्फ कार्टला परवानगी असते, तिथे 2023 च्या दुरुस्तीनंतर 18 वर्षांवरच्या माणसाला ती चालवायला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. फाटकाच्या आत वसाहतीचे आणि विम्याचे आपले नियम असतात, ते मुलाला विचारा. शिकायचं एकच : समोरून विमान आलं की वाट त्याची, आपण बाजूला थांबायचं. पीएमटीच्या बसला वाट देत ज्या बाईने तीस वर्षं काढली तिला हे कुणी शिकवायला नको.

ओळखीचं कुणी नाही म्हणता. संध्याकाळी तिथे हँगरची मोठी दारं वर सरकवून लोक आत खुर्च्या टाकून बसतात, ते वाड्यातल्या ओट्यावर बसल्यासारखंच. दार उघडं म्हणजे या. तुमचे हे गेले, तुम्ही खिडकीतून बघत राहिलात. चालत जायला लांब होतं, मान्य. पण त्या पहिल्या दिवशी विमानातून हात करणाऱ्या गृहस्थाला तुम्ही परत हात केलात की नाही, हे पत्रात कुठेच सापडलं नाही.

तर आता काय करायचं. या आठवड्यात स्कूटर घ्या. पुढच्या महिन्यात नाही, पाडव्याला नाही, या आठवड्यात. भाच्याकडून जुनी परत मागू नका, त्याचा विरस होईल आणि तुमचा चार दिवसांत धीर सुटेल. नवी घ्या, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील अशी. पैसे तुमच्या पेन्शनमधून. ह्यांना विचारू नका, सांगा. घेण्याआधी डोळे तपासून घ्या आणि लायसन्सची मुदत बघा. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि मुदत संपून वर्ष उलटून गेलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. द्यायची. आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेतल्यात. मंगळवारी भजनाला स्वतः जा आणि येताना कुणाला तरी मागे बसवून आणा.

आणि जाऊ की नको? याचं उत्तर आज मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. मुलाला नाही म्हणू नका, हो म्हणू नका, येत्या थंडीत दोन-तीन महिने येतो म्हणा. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. तुमच्या लायसन्सवर फक्त दुचाकी असेल तर आत्ताच कोथरूडातल्या एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटार शिकायला नाव घाला. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या चाचणीला किमान 30 दिवस थांबावं लागतं, म्हणजे थंडीपर्यंत वेळ भरपूर आहे. तिकडे गेल्यावर पहिले आठ दिवस मुलाला शेजारी बसवा. रस्त्याची बाजू उलटी असते, ती अंगवळणी पडू द्या. मग त्या पाच मैलांवरच्या दुकानात एकट्या जा. एवढं करूनही तिथे जीव रमला नाही तर खुशाल परत या आणि कायमचं नाही म्हणा. त्या नाहीला मुलगा काय, तुमचे हेसुद्धा हरकत घेऊ शकणार नाहीत. आत्ताचं नाही म्हणजे नुसती धास्ती आहे.

फ्लॅट मात्र विकायचा नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी तिकडे सलग 5 वर्षं राहिल्याशिवाय तुमच्यासारख्यांना मेडिकेअरमध्ये, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, शिरता येत नाही. तोवर आजारपण निघालं तर खर्च कुठून करायचा, हे मुलाला कागदावर लिहून द्यायला सांगा. विमानाचा खर्च तो नक्की लिहून ठेवत असेल.

‘या वयात’चा विषय घरात पुन्हा निघेल. निघाला की ह्यांना मागे बसवा आणि सिंहगड रोडला बहिणीकडे घेऊन जा. दोघांनीही हेल्मेट घाला. पुण्यात कुणी घालत नाही, हे मला सांगू नका.