पहिल्या पगाराचा दशांश

चि. पोरीस सप्रेम सलाम,

पहिला पगार झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. पण मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, आलेल्या पाहुण्या वक्त्याने ‘दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देवाला दिला नाही तर शाप लागतो’ असं सांगितलं आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली, हे वाचून लगेच लिहायला बसलो. भीतीपोटी एक रुपयाही दानाच्या थैलीत टाकू नकोस. मनाशी ठरवून, आनंदाने द्यावं, असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय.

त्या वक्त्यांनी पवित्र शास्त्रातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला असणार, दशांश न देणाऱ्यांना शाप सांगितलाय तो. तू तो वाचच, पण त्याच्या जोडीला यरुशलेमचा सुभेदार नहेम्या याच्या पुस्तकाचा तेरावा वाच. काळ साधारण तोच. मंदिरात धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशांश ठेवायची मोठी खोली होती. नहेम्या राजाकडे गेलेला असताना एल्याशीब याजकाने ती आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, देऊन टाकली. तिकडे लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांना, त्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्या परत आला, त्याने तोबीयाचं सगळं सामान बाहेर फेकलं आणि जाब विचारला तो अधिकाऱ्यांना. लेव्यांना परत आणून जागेवर उभं केलं, तेव्हा लोकांनी दशांश आणला. मग भांडारावर चार जण नेमले, कारण ते विश्वासू समजले जात. देणाऱ्याला दटावणारे पुष्कळ भेटतील, पण भांडाराची किल्ली कोणाकडे आहे हेही पवित्र शास्त्रच विचारतं. लेव्यांनासुद्धा मिळालेल्या दशांशाचा दशांश द्यावा लागे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश तर गावातच ठेवायचा. तो लेव्यांसाठी आणि परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी.

पहिल्या मंडळ्यांत दहाव्या हिश्श्याची सक्ती नव्हती. इ. स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की ज्याची इच्छा आणि ऐपत असेल तो महिन्यातून एकदा काही टाकतो, आणि त्यातून गरिबांना अन्न मिळतं, त्यांचं दफन होतं, अनाथ आणि म्हातारे सांभाळले जातात. सक्ती नंतर आली. 585 मध्ये फ्रान्समधल्या माकाँच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, 779 मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने दशांशाचा कायदाच केला. पुढे आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांकडून अँग्लिकन पाळकांसाठी दशांश वसूल व्हायचा, त्यापायी गुरं जप्त व्हायची, आणि 1830 च्या दशकात तिथे रक्त सांडलं. फ्रान्सने तो 1789 च्या क्रांतीत रद्द केला. हा इतिहास मला फार दुःखद वाटतो. देवाच्या नावाने दिलेलं धान्य लोकांना जुलमाचा कर वाटू लागलं.

आता तुझा प्रश्न: हातात येणाऱ्या पगारावर की कपातीच्या आधीच्या? मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश शेतीच्या उत्पन्नावर आणि जनावरांवर होता, पगारपत्रकाचं उत्तर त्यात सापडणार नाही. माझं मत विचारशील तर हातात येतो त्यावर धर. आणि आईच्या औषधांना, भावाच्या फीला कात्री लावून दहा टक्के पुरे करू नकोस. आईबापांच्या हक्काचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहून टाकणाऱ्यांना येशूने फटकारलं होतं, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. सध्या पाच टक्के जमत असतील तर पाच दे, पण दर महिन्याला दे, पगार झाल्या झाल्या बाजूला काढ. उरलं तर देईन म्हणशील तर कधीच उरणार नाही.

मी खजिनदार होतो तेव्हा भक्ती संपल्यावर आम्ही दोघं बसून पाकिटं उघडायचो. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. एका आजींच्या पाकिटात अंडी विकून आलेल्या दहा-दहाच्या नोटा असायच्या, चार घड्या घातलेल्या. त्या उलगडून सरळ करताना, हा पैसा कुठे जातो हे आजींना कळलंच पाहिजे, असं मला दर वेळी वाटायचं.

म्हणून वार्षिक सभेला नक्की जा. तुमची मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर हिशेब तपासून घ्यावेच लागतात. ताळेबंद माग. पाळकांच्या पगाराला किती, गरिबांना किती, इमारतीला किती, हे नम्रपणे विचार. कोणी हिशेब दाखवायला खळखळ करत असेल, तर गरिबांचा वाटा तू स्वतः गरजवंताच्या हातात नेऊन दे आणि मंडळीचा मंडळीत दे.

आईला सलाम सांग. सभेत काय झालं ते कळव.

तुझा,
काका