अ‍ॅनिमोनी, नात्यानं मारुतीची बहीण

प्रश्न असा : सी अ‍ॅनिमोनीला समुद्रफूल म्हणावं की समुद्रपुष्प, आणि ती वनस्पती असल्यामुळे ‘उमलते’ म्हटलं तर चालेल का?

वनस्पती नाही हो! तारकर्लीला स्नॉर्केलिंग करून आलेली माणसं ‘खाली काय सुंदर झाडं होती’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. तो प्राणी आहे, तोही मांसाहारी. तुम्ही ज्यांना पाकळ्या समजता त्या शुंडकांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. मासा टेकला की त्यांतून विषारी दोरे सुटतात आणि भक्ष्य मधल्या तोंडात जातं. उरलंसुरलं त्याच तोंडातून बाहेर येतं, कारण दुसरं दारच नाही. समुद्रफूल, समुद्रपुष्प, काहीही म्हणा. ओहोटीला उघडं पडलं की ते मिटतं, पाणी आलं की पसरतं, तेव्हा ‘उमलतं’लाही हरकत नाही. फक्त समुद्रफळ म्हणू नका, ते खरोखरच झाड आहे. (आणि समुद्रफेस म्हणजे म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) जातभाईचं पाठीतलं कवच. आपल्याकडे ‘समुद्र’ कशालाही चिकटतो.)

खरी मजा ‘अ‍ॅनिमोनी’त आहे. हे मुळात रानफुलाचं नाव, अठराव्या शतकात रूपसाधर्म्यावरून ते समुद्रात उतरलं. ग्रीकमध्ये ‘आनेमोस’ म्हणजे वारा आणि शेवटचा प्रत्यय ‘ची लेक’ अशा अर्थाचा. वाऱ्याची लेक! हा आनेमोस आणि आपला अनिल सख्खे भाऊ, दोघांचं मूळ ‘अन्’, म्हणजे श्वास घेणे. मारुती अनिलात्मज, तर ही अनिलात्मजा. त्याच ‘अन्’पासून लॅटिन ‘अनिमा’ आणि त्यातून ‘अ‍ॅनिमल’, आणि त्याच ‘अन्’पासून आपले प्राण आणि प्राणी. वनस्पतीवाल्यांनी हे दोनदा वाचावं. गंमत म्हणजे श्वासावरून नाव पडलेल्या या जिवाला ना फुप्फुस ना कल्ले, प्राणवायू अंगातूनच झिरपतो.

काही कोशकार मात्र हे नाव सेमिटिक, म्हणजे फिनिशियन-अरबी यांच्या भाषाकुळातलं, ठरवतात. अ‍ॅडोनिसची एक उपाधी ‘नामान’, ग्रीक पुराणातल्या या देखण्या तरुणाच्या रक्तातून हे फूल उगवलं, आणि अरबीत आजही त्याला ‘शकाइक अन्-नुमान’ म्हणतात, हा त्यांचा पुरावा. कथा सुरेख आहे, पण घरात वारा खेळत असताना फिनिशियाहून पंखा मागवायची हौस कशाला? अरबी नावाची व्युत्पत्ती अरबांनी सांगावी. ग्रीक नावाला ग्रीक शब्द पुरतो.

आता माझाच मुद्दा थोडा लंगडा करतो. समुद्रातल्या या प्राण्याला प्राचीन ग्रीकांनी वाऱ्याचं नाव दिलंच नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटल त्याला अंगाची आग करणाऱ्या खाजऱ्या झाडाच्या नावानं ओळखतो आणि तो कधी खडकाला चिकटतो, कधी सुटून जातो, हेही नोंदवतो. त्याच झाडाच्या ‘क्निडे’ या नावावरून आजचा ‘निडारिया’ हा दंशपेशीवाल्या प्राण्यांचा संघ (मोठा गट). परिभाषा घडवणाऱ्यांनी इकडे पाहिलं असतं तर मराठीत ‘दंशफूल’ आलं असतं, आणि तारकर्लीत कुणी हात लावायला धजावलं नसतं. मी तरी यापुढे दंशफूलच लिहिणार.